गडावर पाच वॅटसाठी तारेची अँटेना: कोणती निवडावी, कशी करावी, कुठे चुकते

प्रश्न थोडक्यात असा: हातात पाच वॅटचा एचएफ (लघुलहरींचा) हॅम रेडिओ आहे, ४० आणि २० मीटरवर, म्हणजे सुमारे ७ आणि १४ मेगाहर्ट्झच्या बँडवर काम करायचे आहे, सह्याद्रीतल्या एखाद्या गडावर एकट्याने चढून जायचे आहे, आणि काठी सोडून अँटेनाचे सगळे सामान अर्ध्या किलोत बसवायचे आहे. एंड-फेड (एका टोकाला केबल जोडलेली तार) करावी की डायपोल (मधोमध केबल जोडलेले तारेचे दोन पाय)? आणि घरी केली तर ती नीट झाली हे ओळखायचे कसे?

दोन्ही करा, पण आधी लिंकची डायपोल, म्हणजे पायांत सांधा उघडून-जोडून बँड बदलता येणारी. ती जमली की एंड-फेड. आजकाल बहुतेक जण उलट क्रमाने जातात, कारण एंड-फेड दिसायला सोपी असते: एक तार, एक डबी, झाले. पण तिच्या डबीतला ट्रान्सफॉर्मर वाईट असला तरी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ऊर्जा परत फिरते त्याचा आकडा, १ म्हणजे उत्तम) छान दिसतो आणि दोष महिनोन् महिने लपून राहतो. डायपोलमध्ये लपायला जागा नाही. शंभर वॅटवाल्याचा निम्मा पॉवर वाया गेला तरी त्याचे भागते. पाच वॅटमधले दोन कुठे जिरले हे तुम्हाला माहीत असायलाच हवे.

परवान्याचे आधी. परवान्यावरच्या पत्त्याबाहेर स्टेशन चालवण्याच्या अटी नियमांत नीट वाचून घ्या. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, बरेच किल्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तटबंदीत खिळा ठोकणे, बुरुजाला तार बांधणे, मेख मारणे यातले काहीही करायचे नाही. पुढची सगळी उभारणी दगड आणि दोऱ्यांवर होते ती म्हणूनच.

आता तार. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत १४/३६ किंवा ७/३६ म्हणून मागितलेली पीव्हीसीची फ्लेक्झिबल वायर चालते. आकड्यांचा अर्थ ३६ गेजचे १४ किंवा ७ धागे. १४/३६ मध्ये तांबे सुमारे ०.४ चौरस मिलिमीटर भरते आणि वीस मीटरचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास जाते. ७/३६ चे त्याच्या निम्मे. गडावरच्या वाऱ्यात ७/३६ पुरते, मात्र ओढून ताणू नका, तांबे लांबते आणि मोजलेली लांबी बदलते. एकाच जाड धाग्याची तार घेऊ नका. चार-पाच वेळा गुंडाळली-उलगडली की इन्सुलेशनच्या आत तुटते आणि बाहेरून काहीच कळत नाही. रंग गडद नको. वाळलेल्या गवतावर काळी तार दिसत नाही, कुणाचा तरी पाय अडकतो. पिवळी किंवा केशरी घ्या.

लांबीचे गणित सोपे आहे. उघड्या तारेच्या अर्ध्या तरंगाची लांबी मीटरमध्ये म्हणजे १४२.६ भागिले मेगाहर्ट्झ. पीव्हीसीच्या आवरणामुळे ती दोन ते पाच टक्के कमी लागते, आणि डायपोलचे पाय खाली उतरते केले की आणखी थोडी कमी. ७.१ मेगाहर्ट्झसाठी हिशेबाने प्रत्येक पाय १०.०४ मीटर येतो, प्रत्यक्षात ९.७ च्या आसपास स्थिरावतो. १४.१५ साठी ५.०४ येतो, प्रत्यक्षात ४.९ च्या जवळ. म्हणून कापताना आतला तुकडा ५.१० मीटर आणि बाहेरचा ५.१० मीटर घ्या. मध्ये लिंक, म्हणजे उघडता-जोडता येणारा सांधा. लिंक उघडी असताना २० मीटर, जोडली की ४० मीटर.

लिंकसाठी महागडे काही लागत नाही. दुचाकीच्या वायरिंगमध्ये असतात ते बुलेट टर्मिनल, नाहीतर खेळण्यातल्या विमानांच्या बॅटरीला लावतात ते दोन मिलिमीटरचे बुलेट कनेक्टर. ताण मात्र कनेक्टरवर येता कामा नये. स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या जुन्या चॉपिंग बोर्डमधून दीड सेंटिमीटर रुंद, पाच सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा, प्रत्येकीला दोन्ही टोकांना दोन-दोन भोके पाडा. तार एका भोकातून वर, दुसऱ्यातून खाली घेऊन स्वतःभोवतीच गाठ मारा, मग दहा-बारा सेंटिमीटर सैल शेपूट ठेवून त्याला कनेक्टर सोल्डर करा. मधल्या फीड पॉइंटला, म्हणजे जिथे रेडिओकडून येणारी केबल तारेला जोडते तिथे, असाच थोडा मोठा त्रिकोणी तुकडा. अगदी शेवटच्या टोकाला शर्टाचे चार भोकांचे जाड बटण लावले तरी पाच वॅटला इन्सुलेटर म्हणून उत्तम काम देते.

कोॲक्सबद्दल, म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या जाळीवाल्या केबलबद्दल, लोक दोन टोकांच्या चुका करतात. जाडसर आरजी-५८ दहा मीटर म्हणजे जवळजवळ चारशे ग्रॅम, सगळे बजेट तिथेच संपले. बारीक आरजी-१७४ दहा मीटर सुमारे सव्वाशे ग्रॅम, पण लॉस जास्त: ७ मेगाहर्ट्झला दहा मीटरमागे जेमतेम एक डेसिबल, १४ ला सव्वा डेसिबलच्या पुढे, २८ ला पावणेदोन-दोन. सव्वा डेसिबल म्हणजे पाच वॅट निघाले आणि पावणेचार पोहोचले. यावर उपाय जाड केबल नाही, छोटी केबल आहे. फीड पॉइंट साडेपाच मीटर उंच असेल तर काठीच्या पायथ्याशीच बसा, सात मीटर पुरते. बाकी तीन मीटर ‘असू दे’ म्हणून नेऊ नका. आरजी-१७४ चा आतला धागा बीएनसी कनेक्टरच्या तोंडाशी तुटतो. तिथे आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी तीन-चार सेंटिमीटर चढवा.

फीड पॉइंटला चोक, म्हणजे कोॲक्सच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारी गुंडाळी, लागतोच. एफटी१४०-४३ फेराइट रिंगवर त्याच आरजी-१७४ चे नऊ-दहा वेढे घाला. चोक नसेल तर कोॲक्सची बाहेरची जाळी तिसरा पाय होते. ओळखायची खूण सोपी: नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचे छोटे उपकरण) लावून कोॲक्स मुठीत धरा. आकडे हलले तर चोक कमी पडतोय.

ट्यूनिंग मैदानात करा. इमारतीच्या गच्चीवर करू नका, स्लॅबमधल्या सळया तारेच्या खाली दीड-दोन मीटरवर असतात आणि तिथे जुळवलेली अँटेना गडावर सरकलेली दिसते. गडावर जशी उभी करणार तशीच उभी करा: तीच काठी, तीच उंची, टोके तेवढीच जमिनीपासून वर. नॅनोव्हीएनएचे कॅलिब्रेशन कोॲक्सच्या अँटेनाकडच्या टोकाला करता आले तर उत्तम. आधी लिंक उघडून २० मीटर जुळवा, मग जोडून ४०. उलट केले तर २० साठी आतली तार कापताना ४० बिघडतो आणि तुम्ही गोल गोल फिरत राहता. हाताशी ठेवायचा हिशेब असा: २० मीटरवर एकूण लांबीत एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे १४ किलोहर्ट्झ, ४० मीटरवर सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ. रेझोनन्स (अँटेना जिथे जुळते ती फ्रिक्वेन्सी) ६.९५ ला दिसला आणि ७.१ ला हवा असला तर १५० भागिले साडेतीन, म्हणजे एकूण ४३ सेंटिमीटर, प्रत्येक पायाला साडेएकवीस. आणि लगेच कापू नका. जादा तार मागे दुमडून स्वतःभोवती गुंडाळा, दुमडलेला भाग विद्युतदृष्ट्या जवळजवळ नाहीसा होतो. तीन-चार ठिकाणी वापरून खात्री झाली की मग कापा.

काठी सहा मीटरची, फायबरग्लासची, मासेमारीची टेलिस्कोपिक. कार्बनची घेऊ नका, ती वीज वाहते आणि तारेशेजारी उभी राहून सगळे बिघडवते. सगळ्यात वरचा बोटाएवढा सांधा तसाच काढून ठेवा, तो डायपोलच्या वजनाने वाकतो नाहीतर तुटतो. फीड पॉइंट साडेपाच मीटरवर येईल. काठीचे सांधे वाऱ्यात आपोआप आत घसरतात, कारण बहुधा आत माती गेलेली असते. सांधे फडक्याने पुसा आणि प्रत्येक जोडावर इन्सुलेशन टेपचा एक फेरा द्या. घसरू नये म्हणून पिळून घट्ट करू नका. उन्हात तापून ते असे अडकतात की खाली उतरल्यावरही निघत नाहीत. अडकलेच तर बुडाचे झाकण काढून काठी उभी धरा आणि लाकडावर हलके आपटा.

सह्याद्रीच्या माथ्यावर उघडा कातळ असतो, मेख शिरत नाही. काठी दगडांच्या खोबणीत उभी करून तीन ताण द्यावे लागतात. डायपोलचे दोन पाय हेच दोन ताण. इथे एक गोष्ट समजून घ्या. दोन पाय एका सरळ रेषेत नेले तर काठी त्या रेषेत पक्की राहते आणि आडव्या वाऱ्यात पत्त्यासारखी पडते. म्हणून वरून पाहिले तर दोन पायांमध्ये सुमारे १२० अंश ठेवा आणि उरलेल्या बाजूला त्याच उंचीवरून तिसरी दोरी. दोरी म्हणून गवंड्यांची लाइनदोरी सगळ्यात चांगली: हलकी, रंगीत, गाठ धरणारी, स्वस्त. मांजा किंवा मासेमारीचा बारीक नायलॉन नको, दुसऱ्या ट्रेकरची मान किंवा पक्ष्याचा पंख कापायचा आपल्याला अधिकार नाही.

पायाची टोके जमिनीपासून दीड मीटर तरी वर हवीत. साडेपाच मीटरवरून ९.८ मीटरचा पाय दीड मीटरपर्यंत उतरला तर आडवे अंतर नऊ मीटरच्या आसपास लागते. पुढे दोरी दोन-तीन मीटर. टोकाच्या दोऱ्या दगडाला बांधा, किंवा कारवीच्या जाळीत चार-पाच काड्या एकत्र धरून त्यांना. एकच कारवी धरली तर वाकते. तोडायची तर मुळीच नाही.

बँड बदलताना नवखे लोक काठी खाली घेतात. गरज नाही. लिंक साडेतीन मीटर उंचीवर असते हे खरे, पण टोकाची दोरी सोडून तार हातात धरून काठीकडे चालत या. पाय सैल होऊन जवळजवळ उभा लोंबतो आणि लिंक गुडघ्याच्या आसपास येते. एक उघडा, परत जाऊन बांधा, मग दुसरा. दोन्ही एकदम सोडले तर काठी अंगावर येते. दोन्ही लिंक एकसारख्या स्थितीत आहेत ना हे दर वेळी डोळ्यांनी पाहा. एक उघडी आणि एक जोडलेली राहिली तर एसडब्ल्यूआर दोन्ही बँडवर खराब दिसतो आणि माणूस कनेक्टर सोडून भलतीकडेच शोधत बसतो.

इतक्या बुटक्या डायपोलने काय साधते? ७ मेगाहर्ट्झला साडेपाच मीटर म्हणजे तरंगलांबीचा जेमतेम आठवा हिस्सा. अशा वेळी ऊर्जा बहुतेक वर जाते आणि आयनावरणावरून परतून चारशे-पाचशे किलोमीटरच्या वर्तुळात पडते. पुण्याजवळच्या गडावरून मुंबई, नाशिक, कोल्हापूर, गोवा हे तुमचे अंगण. डोंगर आड आला तरी बिघडत नाही, कारण लहर वरून येते. भर दुपारी आयनावरणाच्या खालच्या डी थराच्या शोषणामुळे ४० मीटर मंदावतो. सकाळी आठ ते साडेदहा आणि दुपारी चारनंतरचा वेळ पाच वॅटसाठी खरा. चारनंतर २० मीटरवर युरोपही उघडू लागतो, आणि १४.०६० च्या आसपास तुमच्यासारखीच कमी पॉवरची मोर्स मंडळी भेटतात. गडाची उंची एचएफच्या या वरून परतणाऱ्या लहरीला काही मदत करत नाही. कळसूबाईचे १६४६ मीटर आणि पायथ्याचे शेत यांत ४० मीटरवर फरक पडतो तो मुख्यतः गोंगाटाचा: वर विजेच्या तारा आणि चार्जरचा खरखराट नसतो. २० मीटरला मात्र उतार कामाला येतो. ज्या दिशेला बोलायचे त्या बाजूला जमीन उतरती असेल तर कमी कोनाची लहर सुधारते. तरी कड्याच्या काठापासून दहा मीटर आत राहा. कड्यावरून वर येणारा वारा काठी उचलतो, आणि तार सोडवायला माणूस नकळत पुढे जातो. लोखंडी शिड्या आणि रेलिंगपासूनही दूर राहा, ते तारेला जोडले जाऊन ट्यूनिंग हलवतात.

आता एंड-फेड. तिची खरी जागा झाड असलेले पठार, किंवा जागा इतकी अरुंद की काठी मधोमध उभी करता येत नाही. ४० मीटरचा पूर्ण अर्धा तरंग, म्हणजे साधारण वीस मीटर तार, एका टोकाने फीड केली की ७, १४, २१, २८ चारही बँडवर लिंकशिवाय चालते. टोकाचा इम्पिडन्स अडीच हजार ओहमच्या आसपास आणि वरही असतो, म्हणून ५० ओहमच्या रेडिओशी जुळवायला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर. याच्यावर वेळ घालवा, सगळी अँटेना इथेच बनते किंवा बिघडते.

दहा वॅटपर्यंत एफटी१४०-४३ रिंग घ्या. इंटरनेटवरच्या बहुतेक आकृत्यांत प्रायमरी (रेडिओकडची) दोन वेढे आणि सेकंडरी (तारेकडची) चौदा दिसतात, आणि रिंग वजन वाचवण्यासाठी छोटी एफटी८२-४३. आकडे मांडा म्हणजे कळेल. एफटी८२-४३ वर दोन वेढ्यांचे इंडक्टन्स नाममात्र हिशेबाने सुमारे २.२ मायक्रोहेन्री, ७ मेगाहर्ट्झला शंभर ओहमच्या जवळ. हे ५० ओहमच्या बाजूला समांतर बसते, आणि ४३ मटेरियल, म्हणजे या रिंगचे फेराइट, या फ्रिक्वेन्सीला स्वतः बरीच ऊर्जा खाते. एफटी१४०-४३ वर तीन वेढे घेतले की तेच आठ मायक्रोहेन्री, साडेतीनशे ओहम. म्हणून प्रायमरी तीन, सेकंडरी एकवीस: सातपट वेढे म्हणजे ४९ पट इम्पिडन्स. तीस-पस्तीस ग्रॅम जास्त गेले तर जाऊ द्या.

वेढे घालायची पद्धत. २२ गेजची, म्हणजे ०.७ मिलिमीटरची इनॅमल वाइंडिंग तार: एक तुकडा २५ सेंटिमीटर, एक १२० सेंटिमीटर. दोन्हींची एकेक टोके सँडपेपरने नीट चकचकीत होईपर्यंत घासा, एकत्र सोल्डर करा, ही ग्राउंड. इनॅमलचे काही प्रकार सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने उडतात, काही अजिबात नाहीत. घासणेच खात्रीचे. आता दोन्ही तारांना पहिल्या वीस सेंटिमीटरला एकत्र सैलसा पीळ द्या आणि ती पिळलेली जोडी रिंगमधून तीनदा घाला. मोजताना लक्षात ठेवा, तार भोकातून एकदा गेली की एक वेढा झाला. बाहेरून फेरा पूर्ण व्हायची वाट पाहून मोजणारे हमखास एकाने चुकतात, आणि तीनात एक म्हणजे मोठी चूक. तीन वेढ्यांनंतर छोट्या तारेचे टोक बीएनसीच्या मधल्या पिनला. लांब तार पुढे चालू ठेवा: एकूण अकरा वेढे झाले की ती भोकातून तिरकी पलीकडच्या बाजूला नेऊन उरलेले दहा तिकडे. यामुळे इनपुट आणि उच्च व्होल्टेजचे टोक समोरासमोर येतात. बीएनसीच्या मध्य पिन आणि ग्राउंडमध्ये १०० पिकोफॅरडचा एनपी० (तापला तरी किंमत न बदलणारा सिरॅमिक) किंवा मायका कपॅसिटर. तो वरच्या बँडवरची गळती इंडक्टन्स भरून काढतो. कुठलाही सिरॅमिक डिस्क लावू नका, स्वस्त डिस्क तापली की किंमत सरकते.

जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून काढलेली पिवळी-पांढरी रिंग इथे चालत नाही. ती लोहभुकटीची, स्विचिंग सप्लायच्या चोकसाठी केलेली असते आणि एचएफला सगळे गिळते.

झालेला ट्रान्सफॉर्मर तपासायचा कसा? २.२ किलोओहम आणि २७० ओहमचे साधे फिल्म रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा, २४७० ओहम झाले. ते सेकंडरीला लावून नॅनोव्हीएनएवर ७ ते ३० मेगाहर्ट्झ पाहा. १.५ च्या आत राहायला हवे, अगदी वर थोडे चढले तर चालेल. रेडिओ मात्र या रेझिस्टरवर चालवू नका, पाव वॅटचे असतात. एवढ्याने समाधान मानू नका, कारण तापणारा ट्रान्सफॉर्मरही ही परीक्षा पास होतो. मग रेझिस्टर काढून सेकंडरी मोकळी ठेवा. आता एसडब्ल्यूआर खूप वाईट दिसला पाहिजे. ७ मेगाहर्ट्झला ९ दिसला तर निदान दहावा हिस्सा रिंगमध्ये जिरतोय. ३ दिसला तर निदान पाव. ‘मोकळ्यावरही एसडब्ल्यूआर चांगला येतो’ असे कुणी आनंदाने सांगितले तर तो ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवावा, ती हीटरची खूण आहे. अचूक मोजायचे तर असेच दोन एकसारखे ट्रान्सफॉर्मर करा, सेकंडरीला सेकंडरी, ग्राउंडला ग्राउंड जोडा आणि नॅनोव्हीएनएच्या दोन पोर्टमधून आरपार लॉस पाहा. येईल त्याच्या निम्मा एकाचा. एकूण एक डेसिबल आला तर प्रत्येकी अर्धा, म्हणजे सुमारे अकरा टक्के, पाच वॅटसाठी मान्य.

तार २०.५ मीटरपासून सुरू करा. इथे एक अडचण येते जिने अनेकांना चक्रावून टाकले आहे: ४० मीटर ७.०५ ला जुळवले की २० मीटर बरोबर दुप्पट १४.१ ला येत नाही, दोनशे-तीनशे किलोहर्ट्झ वर येते, आणि २१, २८ त्याहून जास्त सरकतात. कारण टोकाचा परिणाम: तारेच्या दोन टोकांना होणारी घट त्या बँडच्या अर्ध्या तरंगाच्या हिशेबात प्रत्येक बँडवर तेवढाच हिस्सा असते, अर्ध्या तरंगांची संख्या मात्र वाढते. यावर छोटीशी कॉइल लावतात. ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटरवर २५ मिलिमीटर व्यासाच्या कंड्यूट पाइपवर त्याच तारेचे सहा वेढे, सुमारे एक मायक्रोहेन्री. दोन मीटरवर ४० मीटर बँडचा करंट अजून कमी असतो, म्हणून तिथे कॉइल जेमतेम २० किलोहर्ट्झ ओढते. २० मीटरला त्याच जागी करंट जास्त, तिथे सव्वाशे-दीडशे किलोहर्ट्झ खाली येते, २८ ला त्याहून कितीतरी जास्त. फक्त ४० आणि २० हवे असतील आणि रेडिओत ट्यूनर असेल तर कॉइल सोडून द्या, एक कमी वस्तू अडकेल.

एंड-फेडला ‘काउंटरपॉइज लागत नाही’ हे अर्धसत्य आहे. करंट कुठूनतरी परत यावाच लागतो. तो यायला ४० मीटरसाठी सुमारे दोन मीटर तार पुरते, नाहीतर कोॲक्सची जाळी ते काम करते आणि मग माइकला हात लावला की एसडब्ल्यूआर हलतो. ग्राउंडला दोन मीटरची वेगळी तार लावून कातळावर सोडा, आणि कोॲक्सच्या रेडिओकडच्या टोकाला डायपोलचाच चोक लावा.

टोकांना हात लावू द्यायचा नाही. पाच वॅटला २४५० ओहमवर ११० व्होल्ट येतात, दहाला १५७. गडावर मुले येतात, चकाकते काही दिसले की धरतात. ट्रान्समिट करण्याआधी दोन्ही टोकांकडे पाहा.

झाडावर दोरी टाकताना दगड बांधून फेकू नका. निसटलेला दगड कुठे जाईल सांगता येत नाही. दोनशे ग्रॅम वाळूची कापडी पुरचुंडी घट्ट शिवून घ्या, ती फांदीवरून घसरत खाली येते, दगडासारखी बेचक्यात अडकत नाही. दोरी मोकळी ढिगाने जमिनीवर नको, कापडी पिशवीत भरून ठेवा म्हणजे गवतात न अडकता सुटते. फेकण्याआधी फांद्यांत आणि जवळच्या कड्याच्या खोबणीत आग्यामोहोळ आहे का ते पाहा. असेल तर त्या झाडाचा, त्या जागेचा विचारच सोडा. तार पानांना टेकली तरी पाच वॅटला चालते, पण शेवटचा मीटरभर पानांपासून मोकळा ठेवा, तिथे व्होल्टेज सर्वांत जास्त असते. म्हणून टोकाला तारेऐवजी मीटरभर दोरी पानांत जाऊ द्या.

हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात मोकळ्या डायपोलवर स्थिर वीज साठते. रेडिओला जोडण्याआधी बीएनसीचा मधला पिन आणि बाहेरचा भाग एखाद्या चावीने क्षणभर जोडा. एंड-फेडचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच डीसी ग्राउंड असतो, म्हणजे त्याच्या तारेतूनच पिन आणि ग्राउंड जोडलेले असतात, तिथे ही भीती नाही. एप्रिल-मेच्या दुपारी आणि परतीच्या पावसात पश्चिमेला किंवा पूर्वेला ढग चढताना दिसले की काठी आधी खाली, निरोप नंतर. वीजवाहिनी जवळ असेल तर तार तुटून पूर्ण लांबीने उडाली तरी पोहोचणार नाही इतके अंतर ठेवा.

तारेसाठी पतंगाच्या फिरकीसारखे काही नको, त्यावर तारेला पीळ बसतो. प्लायवूडचा दोन खाचांचा पंधरा सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि आठच्या आकड्यासारखे गुंडाळा. आवरताना टोकाच्या दगडापासून सुरुवात करा: आधी दोरी गुंडाळा, मग काठीकडे चालत चालत तार. पुढच्या गडावर फीड पॉइंट सगळ्यात वर असेल, तो काठीला अडकवून तुम्ही बाहेरच्या दिशेला चालू लागाल आणि दोरी बरोबर दगडापाशी संपेल.